सर्वांना चालेल असा डोंगर

जयप्रकाश निमकर तोक्योजवळच्या ग्योतोकुत राहतात आणि कुणालाही विचारल्याशिवाय काही करत नाहीत. ही टीका नव्हे. त्यांच्या कंपनीत याच गुणावर त्यांना दोनदा बढती मिळाली आहे.

कंपनी इचिकावाच्या पलीकडे आहे, व्हॉल्व्ह बनवते. निमकर तिथे व्हॉल्व्ह बनवत नाहीत, बनलेला व्हॉल्व्ह बरा आहे की नाही ते बघतात. जपानी कचेरीत एक पद्धत असते, तिला नेमावाशी म्हणतात. मूळ काम माळ्याचं. मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं असलं की माळी आधी बरेच दिवस त्याच्या मुळांभोवती हळूहळू खणत राहतो, म्हणजे हलवताना झाडाला धक्का बसत नाही. कचेरीत झाडाच्या जागी साहेब असतात. काही नवीन सुचवायचं असलं तर बैठकीच्या आधी प्रत्येकाच्या टेबलापाशी जायचं, वाकायचं, कानाशी लागून आपला विचार सांगायचा, त्याच्या शंका ऐकायच्या, पुन्हा वाकायचं आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचं. मग प्रत्यक्ष बैठकीत सगळे नुसत्या माना हलवतात. कुणी तोंड उघडलंच, तर खणण्यात काहीतरी कमी पडलं असं समजतात.

निमकर या कलेत इतके तयार झाले की जपानी लोकही त्यांच्याकडे आपापली झाडं सोपवू लागले. 'निमकर-सान, तेवढं साहेबांच्या कानावर घाला ना,' असं खुद्द जपानी माणूस म्हणतो तेव्हा त्यांची छाती भरून येते. इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली. त्यांनी ही पद्धत घरी आणली.

जपानी माणसाला एकट्याला गाठून 'तुमचं मत काय' असं विचारलं तर तो जमेल तितकं कमी मत देतो. आपल्या माणसाचं उलटं आहे. त्याला त्या विषयावर मत नसतं, कधी विचारही केलेला नसतो. पण कुणी खास घरी येऊन, खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारलं की त्याला तिथल्या तिथे मत होतं. गणपतीच्या वेळी निमकरांनी आमच्या भागातल्या मराठी घरांत जाऊन मोदक कसले हवेत हे एकेकाला विचारलं. त्या वर्षी गणपतीपुढे इतक्या प्रकारचे मोदक जमले की निरांजन ठेवायला जागा उरली नाही. शिवाय प्रत्येकजण स्वतःचा मोदक सोडून बाकीचे कसे बिघडलेत ते सांगत होता. निमकर कोपऱ्यात उभे राहून समाधानाने बघत होते. त्यांच्या मते कुणालाही धक्का बसला नव्हता.

त्यांच्या पत्नी मधुरिमावहिनी या सगळ्याच्या बाहेर होत्या. त्या मूळ सातारच्या, आणि सातारच्या माणसाला डोंगराशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. ग्योतोकु म्हणजे समुद्र बुजवून केलेली जमीन. ताटात पाणी सांडलं तर कुठल्या बाजूला जावं हे पाण्यालाही कळू नये इतकी सपाट. निमकरांच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गाद्या दिसत, उन्हात टाकलेल्या. वहिनी उरायासुच्या एका डबेवाल्या कंपनीत अर्धवेळ काम करत. पहाटे जाऊन भाताचे डबे भरायचे आणि मग ट्रकमधून ते गोदामांवर पोचवायचे. तिथून दिसायचे ते क्रेन.

जपानमधला डोंगर बघायचे त्यांचे दोन प्रयत्न झाले होते. एकदा फुजी बघायला गेले, तेव्हा फुजी ढगात होता. टेलिफोनच्या कार्डावर त्याचा फोटो होता तोच बघून आले. पुढे निक्कोला गेले, तर धुक्यात पुढच्या माणसाचा अंगरखासुद्धा दिसेना. म्हणून त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, मेच्या सुट्यांसाठी निमकरांनी कॅम्पिंग कार भाड्याने घ्यायची ठरवली तेव्हा वहिनींनी एकच वाक्य सांगितलं.

"उठल्या उठल्या मला समोर डोंगर दिसला पाहिजे. बाकी सगळं तुम्ही ठरवा. पण या खेपेलाही दिसला नाही, तर पुन्हा माझ्यापुढे सहलीचं नाव काढायचं नाही. गाद्या बघत बसेन."

त्यांनी हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या. बायको शांतपणे बोलली की ते खरं असतं, हे निमकरांनाही माहीत होतं. शिवाय वहिनींना डब्यांच्या कंपनीतून सुटी मिळवायला बरीच मिनतवारी करावी लागली होती. त्याच महिन्यात त्यांचे वडील लक्ष्मीकांतराव, म्हणजे अण्णा, साताऱ्याहून पहिल्यांदाच आले होते. अण्णांचा एकच प्रश्न होता, "तू इथे राहतेस ते दिसलं. आता जपान कुठे आहे?"

अण्णा, निमकर, वहिनी, त्यांची नऊ वर्षांची ज्ञानदा, मी आणि माझी बायको गीता अशी सहा डोकी जाणार होती. त्या गाडीत सहा माणसं झोपतात असं भाड्याच्या दुकानदाराने सांगितलं होतं. त्याचा माणसांचा अंदाज जपानी होता.

कॅम्पिंगच्या जागा निवडायला निमकरांनी एक जाडजूड मार्गदर्शिका आणली. त्या काळात जपानमध्ये गाडी घेऊन तंबू ठोकायला जायची लाट आली होती. राष्ट्रीय उद्यानांच्या आजूबाजूला प्रत्येक गावाने एकेक कॅम्प काढला होता. पुस्तकात दर जागेपुढे बारीक चित्रं असत: नळ, मासा, कमोड, गरम पाण्याचा झरा, कुत्रा. कुत्र्यावर काट असेल तर कुत्रा चालत नाही. निमकरांनी सगळ्यात आधी कामिकोची नावाचं ठिकाण बाद केलं, कारण तिथे स्वतःची गाडी नेऊच देत नाहीत. मग उत्तर आल्प्स म्हणतात त्या जपानी डोंगररांगेच्या पायथ्याचे उरलेले सगळे कॅम्प समोर घेतले आणि मग ते नेमावाशीला निघाले.

आमच्या घरी आले ते मुद्दाम मी नसताना. गीताला म्हणाले, "वहिनी, तुमची काही अपेक्षा? अगदी मोकळेपणाने सांगा."

गीताला काहीच अपेक्षा नव्हती. ती इस्त्री करत होती. पण इतकं विचारताहेत तर काहीतरी सांगायला हवं म्हणून ती म्हणाली, "अस्वलं नकोत."

"अस्वलं नकोत," निमकर म्हणाले. "आणखी?"

"आणि दुकान हवं हो जवळ. रात्री दही-बिही लागलं तर."

संध्याकाळी त्यांनी मला स्टेशनच्या बाहेर गाठलं. मी म्हटलं, "मला कुठेही चालेल." ते गेले नाहीत. छत्री हातात धरून तसेच उभे राहिले. अशा वेळी माणूस काय करणार. मी म्हटलं, "आंघोळीचं बघा. ते सगळ्यांबरोबर उघड्याने गरम पाण्यात बसायचं मला जमत नाही. कडी लागणारी न्हाणी असली तर बरं." निमकरांचा चेहरा उजळला. माणसाच्या मुळापर्यंत पोचल्याचा आनंद होता तो.

अण्णांना कमोड हवा होता, सपाट जमीन हवी होती आणि दवाखाना फार लांब नको होता. ज्ञानदाला विचारलं तर ती जपानीत म्हणाली की गरम कॉर्न सूप देणारं मशीन हवं, आणि रात्री दिवे हवेत. अशा रीतीने उत्तर आल्प्सचे कॅम्प एकेक करून गळू लागले. नदीकाठचा गेला, कारण दगड होते. जंगलातला गेला, कारण अस्वलं. उंचावरचा गेला, कारण दवाखाना. तळ्याकाठी न्हाण्या नव्हत्या. शेवटी तीन कॅम्प उरले, एकेका रात्रीसाठी एकेक. सगळ्यांच्या सगळ्या अटी त्या तिन्हींनी पुऱ्या केल्या होत्या. निमकरांनी फोनवर वाकून वाकून तिन्हींचं आरक्षण केलं.

मी सहज विचारलं, "मधुरिमावहिनींच्या डोंगराचं?"

ते माझ्याकडे दयेने बघून म्हणाले, "अहो, राष्ट्रीय उद्यानाला चाललोय. डोंगर असणारच. तो वेगळा कशाला विचारायचा?"

आम्ही निघालो त्या दिवशी अर्धं तोक्योही निघालं होतं. जपानमध्ये मेच्या सुटीत महामार्गावर जी रांग लागते तिला शेवट नसतो. फक्त रांगेत उभे राहायला कुणी कंटाळलेलं नसतं एवढंच. निमकर गाडी चालवत होते. भाड्याच्या दुकानातून मिळालेली पुस्तिका त्यांनी पाठ केली होती, तरी ती मांडीवर होती. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक झोपायचा माळा होता. तो मला देण्यात आला होता. अण्णा खिडकीशी कानटोपी घालून बसले होते, आणि दर बोगद्याला "हे चांगलं केलंय" म्हणत होते. संपूर्ण वाटेत त्यांना जपानबद्दल आवडलेली ती एकच गोष्ट. वहिनींनी मागे टेबलावर दशम्या आणि चटणी काढली. गाडीच्या मालकाने फोडणी करू नका असं बजावलं होतं, त्यामुळे आमच्या गाडीला चार दिवसांत वास लागला तो फक्त लसणाचा.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस भुरभुरत होता. कॅम्पच्या माणसाने रेनकोट घालून कंदिलाने आमचा नंबर दाखवला. निमकर खाली उतरून भिजत एकेक अट तपासून आले.

"कमोड आहे. गरम सीटचा आहे अण्णा. सूपचं मशीन आहे. दुकान रस्त्यापलीकडे, रात्रभर उघडं. न्हाण्यांना कडी आहे. जमीन तर बघा, पेन्सिल ठेवली तरी घरंगळणार नाही."

गीता म्हणाली, "अस्वलं?"

"ऑफिसात विचारलं. कधी आली नाहीत म्हणे. इथे त्यांना यायला रस्ताच नाही."

सगळे खूश होऊन झोपलो. वहिनींनी झोपताना खिडकीच्या पडद्याची दोरी हाताशी येईल अशी उशी लावून घेतली.

सकाळी मला जाग आली ती पडदा सरकल्याच्या आवाजाने. मी माळ्यावरून खाली डोकावलं. वहिनी अंथरुणात बसून बाहेर बघत होत्या. हालत नव्हत्या. पाऊस थांबला होता, आकाश अगदी धुतल्यासारखं होतं. मीही माझ्या हाताएवढ्या खिडकीतून पाहिलं. समोर सूपचं मशीन होतं. त्याच्या शेजारी चहा-कॉफीचं, त्याच्या शेजारी सिगरेटचं. त्यांच्या मागे सिमेंटची भिंत होती, दरड कोसळू नये म्हणून बांधतात तशी, चार मजली उंच, आणि तिला पाणी निघायला भोकं. भिंतीच्या वर पाचिंको नावाच्या जुगाराच्या एका दुकानाच्या जाहिरातीचा खांब होता. एवढंच. जिकडे बघावं तिकडे आखीव डांबर, पांढरे पट्टे आणि पट्ट्यांत उभ्या गाड्या आणि तंबू.

वहिनी पायात चपला घालून बाहेर गेल्या. मीही गेलो, कारण माळ्यावर थांबून त्यांची पाठ बघत राहणं बरं वाटेना. पुढच्या पट्ट्यात एक ओकाझाकी नावाचे निवृत्त गृहस्थ आपल्या गाडीबाहेर छोट्या स्टोव्हवर कॉफी करत होते. वहिनींनी त्यांना जपानीत विचारलं, "डोंगर कुठे आहे?"

ओकाझाकींनी भिंतीकडे बोट दाखवलं. "याच्या मागे. फार सुंदर आहे. बर्फ अजून आहे." मग जरा विचार करून म्हणाले, "इथून दिसत नाही. म्हणूनच इथे वारा लागत नाही."

वहिनी परत आल्या. तोवर सगळे उठले होते. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "उद्याचा कॅम्प कसा आहे?"

निमकर म्हणाले, "याच्यासारखाच. अगदी सगळ्या सोयी." एवढं बोलून ते थांबले. भिंतीकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. "परवाचाही," ते हळू म्हणाले.

आता इथे एक सांगायला हवं. कॅम्पचा नियम होता की सकाळी सातपर्यंत शांतता. मोठ्याने बोलायचं नाही, रेडिओ नाही, गाडीचं इंजिन सुरू करायचं नाही. दारावर पाटी होती आणि गाडीत तिची प्रत होती, आणि निमकरांनी ती सगळ्यांना आधीच वाचून दाखवली होती. सात वाजायला पुष्कळ अवकाश होता. त्यामुळे त्यानंतर जे भांडण झालं ते पूर्णपणे कुजबुजत झालं.

निमकर कुजबुजले, "पण मी प्रत्येकाला विचारलं होतं."

"तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगितलं," गीता कुजबुजली. "नसतं विचारलंत तर मला काय माहीत होतं मला दुकान हवंय ते?"

"अस्वलांचं तुम्हीच म्हणालात."

"अस्वलं मी इस्त्री करता करता म्हटली. त्यासाठी भिंत बांधायला नव्हती सांगितली."

मी बाजू सावरायला म्हटलं, "माझी अट तर फक्त कडीची होती."

"तळ्याकाठचा तुमच्या कडीने गेला," निमकर म्हणाले. "तिथे खिडकीतून शिखरं दिसतात असं पुस्तकात लिहिलं होतं."

यावर गीताने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो कुजबुजता नव्हता.

अण्णा दात नसलेल्या तोंडाने म्हणाले, "जयप्रकाशराव, कमोडचं माझ्यावर ढकलू नका. मी सातारला काय कमोड वापरतो? इथे सगळीकडे असतो म्हणून म्हटलं, की असू दे." कुजबुजताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. ओकाझाकी कप हातात धरून सौजन्याने दुसरीकडे बघत होते.

ज्ञानदा भिंतीकडे बघून म्हणाली, "यामा, मिएनाई." डोंगर दिसत नाही. इतका वेळ सहा माणसांत ते कुणीच म्हटलं नव्हतं.

वहिनी उठल्या. कुणावर रागावल्या नाहीत. आत जाऊन दाराजवळच्या खुंटीवरच्या गाडीच्या किल्ल्या काढल्या, पुढे गेल्या आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. आरसा आपल्या उंचीला केला.

निमकर खिडकीपाशी गेले. "मधू, हा मोठा ट्रक आहे."

"डबे लहान असतात, ट्रक लहान नसतो."

"पण कुठे जायचं? बाकी कुठेच आरक्षण नाहीये."

"भिंतीच्या मागे."

"सातपर्यंत इंजिन सुरू करता येणार नाही."

"सातला ढग येतात," वहिनी म्हणाल्या. "सातारला मी रोज बघत होते. मग ढकला."

निमकर जागच्या जागी उभे राहिले. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखतो, पण कुणालाही न विचारता उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर आलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. एका बाजूला नियम होता. दुसऱ्या बाजूला स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांची बायको सरळ समोर बघत होती, आणि समोर सूपचं मशीन होतं. मला वाटलं आता हे 'जरा सगळ्यांशी बोलून घेतो' म्हणणार. आणि ते तेच म्हणाले. पण सगळे म्हणजे आम्ही नव्हे.

त्यांनी अंगावरचा झोपायचा सदरा नीट केला आणि ते ओकाझाकींकडे गेले. वाकले. हलक्या आवाजात दोन-तीन वाक्यं बोलले. ओकाझाकींनी गाडीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि कॉफीचा स्टोव्ह बंद केला. मग निमकर पुढच्या गाडीकडे गेले. तिथे आतल्या माणसाला उठवावं लागलं, म्हणून ते आधीच दोनदा वाकले. मग त्याच्या पुढच्या तंबूकडे. प्रत्येक ठिकाणी खाली बसून, तंबूच्या फटीशी तोंड नेऊन ते झाल्या आणि होणाऱ्या त्रासाची क्षमा मागत होते. कचेरीत ते इतके चांगले वाकत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. कुणी नाही म्हटलं नाही. उलट झालं असं की ज्याला ज्याला त्यांनी सांगितलं तो तो पायजम्यावर जाकीट चढवून बाहेर येऊ लागला.

थोड्या वेळाने आमच्या गाडीमागे चांगली गर्दी जमली. ओकाझाकी, एक शाळामास्तरांसारखे दिसणारे गृहस्थ, त्यांची बायको केसांना पिना लावलेली, दोन कॉलेजचे विद्यार्थी, मी, आणि कानटोपीसह अण्णा. अण्णांना सगळ्यांनी वाकून बाजूला केलं. अण्णांनीही वाकून पुन्हा हात लावला. ओकाझाकींनी दारावरची साखळी काढून ठेवली आणि परत जाताना नंबराची पाटी मीच ऑफिसात देईन असं सांगितलं. कचऱ्याचंही त्यांनीच बघायचं कबूल केलं. निमकरांनी जळणारा आणि न जळणारा वेगळा केलाय हे त्यांना पिशव्या उघडून दाखवलं, तेव्हा मास्तरांच्या बायकोने कौतुकाने मान हलवली.

वहिनींनी गिअर मोकळा केला. आम्ही ढकललं. गाडी आधी हलेना. मग हलली. जपानी लोक ढकलतानाही एका तालात ढकलतात, फक्त तो ताल तोंडाने म्हणायची सोय नव्हती, म्हणून ओकाझाकी नुसते ओठ हलवून मोजत होते आणि आम्ही त्यांच्या ओठांकडे बघून जोर लावत होतो. कुठे खट्ट झालं नाही. वाटेत एका तंबूतून एक बाई उशिरा बाहेर आल्या आणि काय चाललंय हे न विचारता त्यांनीही हात लावला. जमीन पेन्सिल न घरंगळण्याइतकी सपाट होती हे तेव्हा फार उपयोगी पडलं.

रस्त्यावर आल्यावर सगळे थांबले. निमकर सगळ्यांपुढे वाकले. सगळे त्यांच्यापुढे वाकले. अण्णांनी हात जोडले. मास्तर धापा टाकत म्हणाले, "लवकर जा. सातला ढग येतात."

वहिनींनी इंजिन सुरू केलं.

त्यांना गाडी चालवताना बघणं हा वेगळाच अनुभव होता. निमकर आदल्या दिवशी वळण आलं की वळणाची परवानगी घेतल्यासारखे वळत होते. वहिनी वळत होत्या. निमकर शेजारच्या जागेवर नकाशा उलगडून बसले होते, पण त्यांनी तो वहिनींना दाखवला नाही. पहिला बोगदा आला तेव्हा अण्णा "हे चांगलं केलंय" म्हणाले. बोगदा संपला आणि मागून ज्ञानदाने नुसता श्वास आत घेतला.

डोंगर एकदम आला. काठापासून काठापर्यंत पांढरा, उन्हाची पहिली तांबूस कड वर लागलेली, आणि इतका जवळ की गाडीच्या काचेत मावेना. खाली भाताची खाचरं पाण्याने भरलेली होती, त्यांत तोच उलटा. अण्णांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

वहिनी वेग कमी न करता चालवत राहिल्या. हाकुबा गावाच्या अलीकडे नदीकाठाला एक कच्चा रस्ता उतरत होता आणि तोंडाशी गावाच्या कॅम्पची हाताने रंगवलेली पाटी होती. त्यांनी गाडी सरळ खाली नेली, शेवटपर्यंत, जिथे दगड सुरू होत होते तिथे. डोंगराकडे तोंड करून उभी केली आणि हँडब्रेक ओढला.

गमबूट घातलेले एक राखणदार आजोबा बाहेर आले. मेच्या सुटीत जागा असेल का, असं निमकरांनी काळजीने विचारलं. आजोबा म्हणाले, "सगळी आहे. कुणी येत नाही. संडास लांब आहे, आणि उकिडवं बसायचा आहे. पाणी बर्फाचं आहे. दुकान नाही." मग म्हणाले, "मागच्या आठवड्यात एक अस्वल पाणी प्यायला आलं होतं. लहान होतं."

वहिनी उतरल्या होत्या आणि नदीजवळच्या एका मोठ्या दगडावर जाऊन बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. त्यांना कुणी चहाचं विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

मग एकेकजण निमकरांकडे येऊ लागला. गीता त्यांना गाडीच्या मागे घेऊन गेली आणि म्हणाली, "भाऊजी, लहान अस्वल म्हणजे त्याची आई असणार ना?" मी त्यांना थोडं बाजूला बोलावून बर्फाच्या पाण्याचं हळूच काढलं. अण्णा संडास बघून आले होते. ते निमकरांच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले.

निमकरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग दगडाकडे हात करून म्हणाले, "तिला विचारा."

आम्ही दगडाकडे पाहिलं. वहिनींची पाठ ताठ होती आणि खांदे बऱ्याच दिवसांनी खाली आलेले होते. ज्ञानदा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. गीता म्हणाली, "जाऊ दे. मी दही विरजायला टाकते." मी आंघोळ दुसऱ्या दिवसावर ढकलली. अण्णा कानटोपी घालून, पाण्याचा डबा घेऊन लांबच्या संडासाकडे चालू लागले. सातारला जात असत तसे.

उरलं होतं ते दोन आरक्षणं रद्द करणं. कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी हिरवा सार्वजनिक फोन होता. निमकर कार्ड घेऊन गेले. मी सोबत गेलो. पहिल्या कॅम्पला फोन लागला. निमकर फोनपुढे वाकले. फार क्षमा मागितली. पलीकडच्या माणसाने कारण विचारलं असावं.

निमकर म्हणाले, "पत्नीला डोंगर सापडला आहे."

पलीकडून काहीतरी आनंदाचं बोलणं ऐकू आलं. निमकर म्हणाले, "हो का? धन्यवाद." त्यांनी हाताने रिसीव्हर झाकून मला सांगितलं, "त्यांना बरं वाटलं म्हणतात. कसा दिसतोय विचारताहेत."

सकाळपासून निमकरांनी तंबू पाहिले होते, नकाशा पाहिला होता, राखणदाराचे गमबूट पाहिले होते. डोंगराकडे त्यांची पाठच राहिली होती. आता ते सांगण्यापुरते वळले.

वळले ते वळलेच. रिसीव्हर हातात, कानापासून जरा लांब. कार्डाचे आकडे कमी कमी होत होते. मी कुणाला काही विचारावं असा तो क्षण नव्हता, म्हणून मीही उभा राहिलो, आणि रिसीव्हरमधून पलीकडचा माणूस हळूच म्हणत होता, "मोशी मोशी? निमकर-सान? मोशी मोशी?"